अर्धवट राहिलेली घोषणा

सकाळी सहा ते दुपारी दोन या वेळात जो कोणी त्या बसस्थानकावर उभा राहिला असेल, त्याने माइकताईंना पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्कीच असेल. चौकशीच्या खिडकीमागे तीन पायऱ्या चढून गेलं की एक चिंचोळी खोली लागायची. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून कधीकाळी तिच्या भिंतींना आणि जमिनीला जाड गालिचा ठोकलेला होता. त्या गालिच्याचा मूळ रंग कोणता, यावर कंडक्टरांमध्ये दोन तट होते, एक करड्याचा आणि एक तपकिरीचा. आत एक टेबल, एक माइक, वेळापत्रकाचा फळा आणि गेली एकोणीस वर्षं माइकताई.

आवाज खणखणीत, पण कानात घुसणारा नाही. घाईत असलेल्या माणसालाही वाटावं, की ही बाई बाकी कुणाला नाही, आपल्यालाच सांगतेय. कालवा, जुना पूल, कापड गिरणी, दीपगृह मार्गे बंदराकडे जाणारी बस कितव्या फलाटावर लागली, हे त्या एका दमात सांगत आणि शेवटचा शब्दही पहिल्याइतकाच ठसठशीत येई. आयांच्या कडेवरची पोरं त्यांची नक्कल करत. नवे चालक गाडी मागे घेताना त्यांच्या आवाजाचा अंदाज घेत.

एकाशी मात्र त्यांचं फाटलेलं होतं. सात नंबरच्या गाडीचा चालक. माणूस निवृत्तीला टेकलेला, कामात चोख, पण चहाला बसला की उठायचं नाव नाही. तीन वर्षांपूर्वी एकदा गाडी सुटायची वेळ उलटून गेली, तेव्हा माइकताईंनी साऱ्या स्थानकाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, की सात नंबरच्या चालकाने चहा संपवावा, प्रवाशांचा धीर संपलेला आहे. स्थानक हसलं. त्या दिवसापासून सात नंबरने त्यांच्या खिडकीकडे पाहणंही सोडलं होतं.

या आवाजाच्या मालकिणीला दमा आहे, हे स्थानकात कुणालाही ठाऊक नव्हतं. त्यांनी ठाऊक होऊ दिलं नव्हतं.

त्यांचे वडीलही दमेकरी. लहानपणापासून त्यांनी वडिलांना खाटेवर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसलेलं पाहिलं होतं. वडील कुणी विचारलं की म्हणायचे, मी बरा आहे. दवाखान्यातून उठून घरी यायचे, तेही मी बरा आहे म्हणतच. शेवटची दोन वर्षं त्यांच्या हातात पंप आला आणि मग वडील गेले. तेवढं मुलीच्या डोक्यात पक्कं बसलं. पंप आला, की पुढे फार काही उरत नाही.

म्हणून अकरा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी माइकताईंना दोन पंप लिहून दिले, तेव्हा त्या घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडल्या होत्या. एक पंप रोज घ्यायचा होता, दुसरा त्रास झाला तर. रोजचा त्यांनी महिन्याभरात सोडला, कारण तो घेऊन काही वाटतच नसे. दुसऱ्याने मात्र घटकाभर बरं वाटे. तो चष्म्याच्या घरात लपवून त्या बरोबर नेत. घोषणा झाली की माइकचं बटण बंद करायचं, खोकून घ्यायचं, पंप तोंडात दोनदा दाबायचा आणि पुन्हा बटण चालू. त्यांच्या सासूबाईंचंही मत असंच, की एकदा पंपाची सवय लागली की सुटत नाही, त्यापेक्षा थोडं सहन करावं. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. स्वभावाने भिडस्त. तो म्हणायचा, एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवून येऊ. माइकताई म्हणायच्या, बघू. या ‘बघू’त अकरा वर्षं गेली.

त्या आठवड्यात वरिष्ठ तपासणीला येणार म्हणून स्थानकाला रंग चालला होता. माइकताईंच्या खोलीच्या दाराला आणि खिडकीला तेलरंग लागला होता आणि कुणीतरी हौसेने गालिचाही झाडला होता. त्यात त्यांना तीन दिवसांपासून सर्दी. रात्री त्या उशांना टेकून बसूनच होत्या. सकाळी नवऱ्याने रजा टाक म्हटलं, तर म्हणाल्या, बदली बाई नाही. जिना उतरताना त्या दोनदा थांबल्या. पंप दर तासाला लागत होता आणि आता तर दाबला तरी नुसतीच थंड हवा येत होती. पंपातलं औषध संपतं आणि त्यानंतरही तो फुसफुसत राहतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

साडेनऊला बंदराची बस लागली. माइकताईंनी बटण दाबलं. प्रवाशांनी लक्ष द्यावे, एवढं नेहमीसारखं निघालं. मग कालवा आला. मग थोडं थांबून जुना पूल. कापड गिरणी म्हणता म्हणता ‘कापड’वरच आवाज तुटला आणि पुढे शब्द आलाच नाही. बटण चालूच राहिलं होतं. सगळ्या स्थानकाने कर्ण्यातून फक्त श्वास ऐकला. ओढलेला, शिट्टीसारखा, बारीक होत जाणारा. माणसं हातातलं सामान धरून वर कर्ण्यांकडे बघत राहिली.

सात नंबरचा चालक तेव्हा चहाला बसला होता. कप अर्धा भरलेला तसाच ठेवून तो उठला आणि त्या तीन पायऱ्या त्याने एका ढांगेत चढल्या.

माइकताई टेबलावर दोन्ही हात रोवून उभ्या होत्या. खांदे कानांपर्यंत चढलेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, ओठ काळेनिळे. त्याला पाहून त्यांनी एक बोट वर केलं. एक मिनिट, असं त्यांना म्हणायचं होतं.

“एक मिनिट नाही आणि अर्धं मिनिट नाही,” तो म्हणाला. “चला, ताई.”

त्याने रुग्णवाहिकेला फोन लावला, तिकडून पंचवीस मिनिटं सांगितली. रुग्णालय दोन किलोमीटरवर. त्याची गाडी नुकतीच रिकामी होऊन फलाटाला लागलेली होती. पुढचा विचार त्याने केला नाही. कंडक्टरच्या मदतीने माइकताईंना पुढच्या आसनावर बसवलं, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि पन्नास माणसांची गाडी एकट्या माणसासाठी रस्त्यावर काढली. थांब्यांवरच्या लोकांनी हात केले, गाडी थांबली नाही. वाटेत तो सारखा बोलत होता. तुम्ही उत्तर देऊ नका, नुसतं ऐका, म्हणाला. मुलीच्या परीक्षेचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं आणि त्या चहाच्या घोषणेवर घरी जाऊन आपणही हसलो होतो, हेही सांगून टाकलं. तीन वर्षांचा अबोला त्याने सात मिनिटांत फेडला.

अपघात विभागात गर्दी होती. एका तरुण डॉक्टरने लगेच तोंडावर वाफेच्या औषधाचा मास्क लावला. वीस मिनिटांनी तो परत आला, छातीवर नळी ठेवून ऐकलं आणि म्हणाला, की शिट्टी थांबलीय, आता बरं आहे, घरी जाऊन आराम करा. मागे तीन माणसं खोळंबली होती, तो वळलासुद्धा.

माइकताईंना ते पटवून घ्यायचं होतं. इतका थकवा आला होता, की घर हा शब्दच गोड वाटला. मान हलवली की संपलं. पण आतून त्यांना कळत होतं, की छाती कुणी दोरीने आवळून गाठ मारावी तशी झालीय, आणि मघाशी निदान थोडी तरी हवा जात होती, आता तीही जात नाहीये. आणि त्यांना वडील आठवले. उठून उभे राहणारे, चप्पल शोधणारे, मी बरा आहे म्हणणारे.

बोलायला दम नव्हता. त्यांनी सात नंबरच्या खिशातलं पेन ओढून घेतलं, त्याच्या हातातला गाडीच्या फेऱ्यांचा कागद उलटा केला आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: घरी पाठवू नका. हवा आत जात नाही.

कागद पहिल्यांदा वाचला तो एका जुन्या नर्सबाईंनी. त्यांनी माइकताईंच्या बोटांची नखं पाहिली, मग डॉक्टरला बाहीला धरून थांबवलं.

“डॉक्टर, जरा यांना दहापर्यंत मोजायला लावा.”

माइकताईंनी मोजायला सुरुवात केली. एक म्हटलं. श्वास घेतला. दोन म्हटलं. श्वास घेतला. तीनचा नुसता ओठांचा आकार झाला.

“आवाज बंद झाला म्हणजे आजार बंद झाला असं नसतं,” नर्सबाई शांतपणे म्हणाल्या.

डॉक्टरने पुन्हा नळी लावली, या वेळी पाठीवर, सावकाश. शिट्टी थांबली होती, कारण शिट्टी वाजण्याइतकीही हवा आत जात नव्हती. त्या पोराचा चेहरा पांढरा पडला. पण पुढे त्याने एक क्षण वाया घालवला नाही, हे माइकताई नंतर प्रत्येकाला आवर्जून सांगत. प्राणवायू लागला, शिरेतून इंजेक्शनं गेली, मास्कमधलं औषध थांबलंच नाही, वरून मोठ्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. नवरा धावत आला तेव्हा माइकताईंना अतिदक्षता विभागात हलवत होते. त्यांनी मास्कच्या आतून त्याच्याकडे पाहिलं आणि हात धरला. बघू, असं या वेळी त्या म्हणाल्या नाहीत.

दोन दिवस त्या तिथे होत्या. तिसऱ्या दिवशी साध्या वॉर्डात आल्या आणि तिथे त्यांची छातीच्या डॉक्टरीणबाईंशी गाठ पडली. बाई अंगाने लहानखुऱ्या, पलंगाच्या कडेवर बसल्या तर पाय जमिनीला टेकत नसत. त्यांनी आधी काही सांगितलं नाही. नवा पंप हातात दिला आणि म्हणाल्या, तुम्ही कसा घेता ते दाखवा.

माइकताईंनी दाखवलं. तोंड उघडलं, फुस्स, फुस्स. झालं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “अकरा वर्षं तुम्ही जिभेला औषध देत होतात. छाती बिचारी वाट बघत बसली.”

माइकताईंना आधी राग आला. त्या पहिल्या डॉक्टरांचा आला, औषधाच्या दुकानदाराचा आला आणि मग स्वतःचा आला. आयुष्यभर लोकांना कुठे उभं राहा, कुठली गाडी धरा ते सांगितलं आणि स्वतः अकरा वर्षं चुकीच्या फलाटावर उभ्या. मग त्यांना हसू फुटलं. हसल्यावर खोकला आला आणि खोकला ओसरल्यावर त्यांनी जी गोष्ट नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती ती सांगितली. वडिलांची. पंप आला आणि ते गेले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. वडील किती वर्षं आजारी होते, ते विचारलं. तीस, माइकताई म्हणाल्या.

“अठ्ठावीस वर्षं काहीच नव्हतं आणि शेवटची दोन वर्षं पंप होता. ताई, वडिलांना पंपाने नेलं नाही. पंप उशिरा आला.”

माइकताईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, शिकवा.

मग त्या शिकल्या, जशी एखादी हुशार मुलगी शिकेल तशा. पंप आधी हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. पंपाला जोडलेलं प्लास्टिकचं नळकांडं ओठांत घट्ट धरायचं, एकदा दाबायचं, सावकाश आत ओढायचं, दहा मोजेपर्यंत धरून ठेवायचं. रोजचा पंप काही वाटलं नाही तरी रोज घ्यायचा, कारण तो आतली सूज उतरवतो आणि त्याचं काम गुपचूप चालतं. नंतर चूळ भरायची. एका छोट्या मीटरमध्ये जोरात फुंकून आकडा लिहून ठेवायचा. पहिल्या दिवशी आकडा आला एकशे चाळीस. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईचा चारशेच्या आसपास असायला हवा होता. घरी जाताना डॉक्टरीणबाईंनी एका कागदावर लिहून दिलं, की आकडा किती असला तर नेहमीचं औषध, किती खाली गेला तर काय वाढवायचं आणि कुठे पोचला की विचार न करता रुग्णालय गाठायचं. माइकताईंनी तो कागद घरी आल्या आल्या ठळक अक्षरांत पुन्हा लिहून काढला आणि स्वयंपाकघराच्या दारामागे डकवला. वेळापत्रक लिहायचा हात होता तो.

सासूबाईंनी कागद वाचला, नळकांडं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, की ही ब्याद आता जन्माची चिकटली.

“आई, तुमचा चष्माही जन्माचाच आहे ना? तो फेकलात का?”

“चष्मा दिसायला तरी बरा असतो,” सासूबाई म्हणाल्या. पण आठवडा झाला नाही तोच सूनबाई पहिल्यांदाच जिना न थांबता चढून आली, हे त्यांनी दारात उभं राहून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून, चूळ भरलीस का, हा प्रश्न त्या घरात सकाळ-संध्याकाळ विचारला जाऊ लागला आणि उत्तर मिळेपर्यंत कुणाला चहा मिळेना.

कामावर परत जाण्याआधी माइकताईंनी डॉक्टरीणबाईंचं पत्र घेतलं. त्या खोलीतला धुळीने भरलेला गालिचा काढावा, खिडकी उघडती करावी, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. आगारप्रमुख वाईट माणूस नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्ट वर कळवायची सवय होती. तो म्हणाला, की गालिचा काढला तर बाहेरचा आवाज माइकमध्ये येईल, आपण वर लिहू, उत्तराची वाट पाहू.

पूर्वीच्या माइकताई ‘बरं’ म्हणाल्या असत्या. या माइकताई म्हणाल्या, की हरकत नाही, उत्तर येईपर्यंत मी बाहेर बसते. त्यांनी माइकची वायर लांब करून घेतली आणि चौकशीच्या खिडकीशेजारी मोकळ्या हवेत खुर्ची टाकली. आता घोषणांबरोबर हॉर्न गेले, भांडणं गेली, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरने घातलेला वादही गेला. चौथ्या दिवशी आगारप्रमुख त्यांच्या मागे उभा राहून फोनवर साहेबांना सांगत होता, की तो अहवाल कधीच पाठवलाय, आणि लगेच खालच्या कारकुनाला सांगत होता, की तो अहवाल आजच्या आज लिही. दोन्ही वाक्यं सहाही फलाटांवर व्यवस्थित ऐकू गेली. सहाव्या दिवशी गालिचा निघाला. टेबलाच्या पायाखालच्या तुकड्यावरून कळलं, की त्याचा मूळ रंग हिरवा होता. दोन्ही तट हरले.

आजार काही बस नव्हे, की एकदा सुटली म्हणजे गेली. सात महिन्यांनी, थंडीच्या दिवसांत, घरात सगळ्यांना सर्दी झाली आणि माइकताईंचा आकडा घसरू लागला. तीनशे ऐंशीवरून तीनशे, मग दोनशे सत्तर. या वेळी त्यांनी चष्म्याच्या घरात काही लपवलं नाही. दारामागच्या कागदावर होतं तसं औषध वाढवलं, डॉक्टरीणबाईंना फोन करून गोळ्या सुरू केल्या, आगारात कळवून रजा टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा दोनशेच्याही खाली आला. सासूबाईंनी कागदावर बोट ठेवलं आणि मुलाला हाक मारली. नवऱ्याने भीड सोडून शेजाऱ्याच्या मोटारीची किल्ली मागितली. अकराच्या आत ते अपघात विभागात होते.

समोर तोच तरुण डॉक्टर. माइकताईंनी खुर्चीत बसता बसता, तुटक का होईना, पण मुद्द्याचं सांगितलं. आजचा आकडा, नेहमीचा आकडा, कालपासून कुठली गोळी घेतलीय आणि मागच्या खेपेला अतिदक्षतेत होते. त्याने ते सगळं लिहून घेतलं. पाच मिनिटांत मास्क लागला. नंतर त्याने पाठीवर नळी ठेवून दोन्ही बाजूंनी नीट ऐकलं, तासाने पुन्हा ऐकलं. दुपारी चारला तो समोर येऊन उभा राहिला आणि जरा ओशाळून म्हणाला, की दहापर्यंत मोजून दाखवता का?

माइकताईंनी वीसपर्यंत मोजलं. एका दमात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने डोळे उघडून पाहिलं, की गाडी कुठली लागली.

ते मोजणं पलीकडे उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी ऐकलं. पुढच्या तपासणीला माइकताई गेल्या, तेव्हा बाईंनी एक विनंती केली. बाहेरच्या प्रतीक्षागृहात रोज शंभर माणसं बसतात, त्यातली निम्मी पंप चुकीचा घेतात आणि प्रत्येकाला शिकवायला वेळ पुरत नाही. तुमच्या आवाजात ते रेकॉर्ड करून द्याल का? त्यांनी लिहिलेला मजकूर माइकताईंनी वाचला आणि परत केला. यात ‘श्वसनमार्ग’ आहे, ‘अंतःश्वसन’ आहे, म्हणाल्या, हे ऐकून माणूस घाबरून पंप खाली ठेवेल. मग त्यांनी रात्रीचं जेवण झाल्यावर स्वतः लिहिलं, नवऱ्याला वाचून दाखवलं, सासूबाईंना वाचून दाखवलं. ‘चूळ भरा’ हे दोनदा हवं, असा सासूबाईंचा आग्रह पडला, म्हणून ते दोनदा आलं.

महिन्याभराने त्या तपासणीसाठी त्याच प्रतीक्षागृहात बसल्या होत्या. सकाळी घरी फुंकलेला आकडा होता तीनशे नव्वद. भिंतीवरच्या स्पीकरमधून त्यांचाच आवाज येत होता, शांत, घाई नसलेला. शेजारी एक आजोबा पिशवीतून नवाकोरा पंप काढून हातात धरून बसले होते. त्यांनी माइकताईंकडे वळून तक्रार केली, की ही बाई फार सावकाश बोलते, आमच्यासारख्यांना काही कळतच नाही असं समजते.

असेल, माइकताई म्हणाल्या.

आजोबांनी तरीही कान देऊन ऐकलं, नळकांडं ओठांशी नेलं आणि बोट दाबणार, इतक्यात माइकताईंना राहवलं नाही.

“आजोबा, आधी हलवा.”

आजोबांचा हात जागीच थांबला. त्यांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं, मग वर स्पीकरकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. आणि अगदी आज्ञाधारकपणे पंप हलवू लागले.